ऱ्होड्सचे बंदर : पडलेला पुतळा आणि टिकलेला कायदा

ऐतिहासिक नगरी पाहावयास निघालेला मनुष्य बहुधा घरूनच आपल्या डोळ्यांत काही चित्रे भरून नेतो. पुस्तकांत जे वाचले तेच तेथे शोधावे, आणि ते सापडले म्हणजे समाधानाने परतावे, अशी त्याची रीत असते. ग्रीस देशाच्या ऱ्होड्स बेटावर, त्याच नावाच्या नगरीत उतरणारा प्रवासी बंदराच्या धक्क्यावर पाऊल ठेवताच पहिला प्रश्न करतो तो असा, की तो प्रचंड पुतळा कोठे उभा होता? जगातील सात आश्चर्यांत गणलेला सूर्यदेवाचा तो पुतळा. त्याच्या दोन पायांमधून गलबते ये-जा करीत असल्याची चित्रे आपण शाळेत असल्यापासून पाहत आलो आहोत. प्रवाशाच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे आहे, की पुतळ्याच्या जागेविषयी पंडितांत एकमत नाही. आणि पायांमधून गलबते जात असत ही गोष्ट तर मुळातच कल्पित आहे.

मग तेथे पाहावयाचे काय? पुष्कळ आहे. आज आम्ही आपणांस त्या बंदराभोवती हिंडवून आणणार आहोत. वाटेत तट लागतील, बुरूज लागतील, वाडे आणि देवळे लागतील. ती सर्व आपण पाहूच. परंतु आमचा रोख आहे तो या नगरीने जगाला दिलेल्या एका अशा वस्तूवर, की जी तेथील कोणत्याही चौथऱ्यावर उभी नाही. संकटात सापडलेली नाव वाचविण्यासाठी एकाचा माल समुद्रात टाकावा लागला, तर ते नुकसान सर्वांनी वाटून घ्यावे, हा सागरी व्यवहाराचा नियम ऱ्होड्सच्या नावाने ओळखला जातो. पुतळा पडला, तट जिंकले गेले, नियम मात्र आजही चालू आहे. असे का झाले, आणि ज्या बंदराने तो नियम दिला त्या बंदराने स्वतः तो कितपत पाळला, हे पाहणे हाच आजच्या फेरफटक्याचा हेतू होय.

प्रथम जागा समजून घेऊ. ऱ्होड्स हे बेट एजियन समुद्राच्या आग्नेय टोकाला, आशिया मायनरच्या म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून सुमारे 18 किलोमीटरांवर आहे. मिसर, सीरिया आणि सायप्रस येथून ग्रीसकडे जाणारी गलबते किनारा धरून येत, तेव्हा हे बेट त्यांच्या वाटेवर पहारेकऱ्यासारखे उभे असे. बेटावर पूर्वी लिंडोस, इयालिसोस आणि कामिरोस अशी तीन स्वतंत्र नगरे होती. इ. स. पू. 408 मध्ये या तिघांनी एकत्र येऊन बेटाच्या उत्तर टोकाला नवी नगरी वसविली. तीन शेजाऱ्यांनी आपापला मान बाजूला ठेवून एक समाईक घर बांधावे, ही गोष्ट भांडखोर ग्रीक नगरराज्यांच्या इतिहासात सहसा आढळत नाही. नगरीची आखणी काटकोनातल्या सरळ रस्त्यांची होती. मध्ययुगातील गल्ल्यांपैकी कित्येक अजून त्याच जुन्या रेषांवरून धावतात.

आज बंदराचे तीन भाग दिसतात. उत्तरेकडे मांड्राकी, त्याच्या दक्षिणेस तटाला लागून जुने व्यापारी बंदर, आणि त्याही पलीकडे आकांडिया. आपण मांड्राकीपासून आरंभ करू. पाण्यात शिरलेल्या लांब धक्क्यावर तीन पवनचक्क्या ओळीने उभ्या आहेत. गलबतांतून उतरलेले धान्य येथल्या येथे दळले जाई. धक्क्याच्या टोकाला सेंट निकोलस नावाचा वाटोळा किल्ला आहे. बंदराच्या तोंडाशी दोन उंच खांबांवर काशाचे हरीण व हरिणी आहेत. पुतळ्याचे दोन पाय येथेच होते, असे प्रवाशांना हौसेने सांगितले जाते. ते ऐकावे आणि सोडून द्यावे.

सोडून द्यावे याला कारणे आहेत. प्लिनी या रोमन ग्रंथकाराने पुतळ्याची उंची 70 हात दिली आहे, म्हणजे सुमारे 33 मीटर. एवढ्या उंचीच्या ओतीव मूर्तीला बंदराचे तोंड ओलांडून पाय फाकणे शक्यच नव्हते. शिवाय ती तशी बांधावयाची तर बंदर कित्येक वर्षे बंद ठेवावे लागले असते. आणि व्यापारावर जगणारी नगरी आपल्याच हाताने आपला गळा आवळणार नाही. तिसरे असे, की पडलेला पुतळा जमिनीवर पडून होता. स्ट्रेबो हा भूगोलकार तो गुडघ्यांतून मोडल्याचे सांगतो, आणि त्याचा अंगठासुद्धा फार थोड्यांच्या कवेत मावे असे प्लिनी लिहितो. पाय फाकलेल्या मूर्तीची कथा मध्ययुगातील लोकांनी रचली आणि पुढल्या चित्रकारांनी ती पक्की केली.

परंतु हा पुतळा उभारला का गेला, ही कथा खरी आहे आणि ऐकण्यासारखी आहे. शिकंदराच्या मृत्यूनंतर त्याच्या सेनापतींनी त्याचे राज्य वाटून घेतले व ते आपसांत लढू लागले. त्यांपैकी अँटिगोनस याने ऱ्होड्सला आपल्या बाजूने मिसरच्या टॉलेमीविरुद्ध उभे राहण्याची आज्ञा केली. मिसरच्या धान्यावर ऱ्होड्सचा व्यापार चाले. त्यांनी नकार दिला. तेव्हा अँटिगोनसचा मुलगा डेमेट्रियस याने इ. स. पू. 305 मध्ये नगरीला वेढा घातला. शहरे घेण्यात त्याचा एवढा लौकिक, की 'पोलिओर्केटिस' म्हणजे 'नगरांना वेढणारा' हेच त्याचे उपनाव पडले. चाकांवर चालणारा नऊ मजली लाकडी मनोरा त्याने तटाला भिडविला. सुमारे एक वर्ष वेढा चालला, आणि शेवटी डेमेट्रियसला तह करून जावे लागले. त्याने मागे टाकलेली युद्धयंत्रे विकून 300 टॅलेंट आले. त्या पैशातून लिंडोसच्या खारीस या मूर्तिकाराने 12 वर्षे खपून सूर्यदेवाचा तो पुतळा घडविला. तात्पर्य, पुतळा म्हणजे राजाने आपल्या वैभवासाठी उभारलेले स्मारक नव्हे. वाचलेल्या नागरिकांनी फेडलेला तो नवस होता.

या वेढ्यात नागरिकांनी जे ठराव केले, ते आम्हांला पुतळ्याहून मोठे वाटतात. डायोडोरस या इतिहासकाराने ते नोंदून ठेवले आहेत. जे गुलाम शौर्याने लढतील त्यांना त्यांच्या धन्यांकडून विकत घेऊन मुक्त करावे व नागरिक करावे. जे लढाईत पडतील त्यांची उत्तरक्रिया सरकारी खर्चाने व्हावी. त्यांच्या आईबापांचे व मुलांचे पोषण सरकारी खजिन्यातून व्हावे. त्यांच्या मुलींची लग्ने नगरीने करून द्यावी, आणि मुलगे वयात आले म्हणजे त्यांना भर उत्सवात नाट्यगृहात पूर्ण शस्त्रसाज देऊन गौरवावे. लढाई सर्वांसाठी, तर तिची किंमत एकट्या विधवेने का द्यावी? हा विचार या ठरावांच्या मुळाशी आहे. वेढा चालू असताना कोणी सूचना आणली, की नगरात पूर्वी उभारलेले अँटिगोनस व डेमेट्रियस यांचे पुतळे पाडून टाकावे. लोकांनी ती सूचना फेटाळली. शत्रू दाराशी असताना एवढा विवेक राखणारी सभा विरळाच.

सूर्यदेवाचा पुतळा मात्र फार काळ टिकला नाही. इ. स. पू. 226 च्या सुमारास मोठा भूकंप झाला. पुतळा पडला, तटाचा व गोद्यांचा बराच भाग जमीनदोस्त झाला. म्हणजे साठ वर्षांच्या आतच ते आश्चर्य आडवे झाले. यानंतर जे घडले ते पॉलिबियसने मोठ्या कौतुकाने लिहिले आहे. आपसांत लढणारे राजे एकामागून एक मदतीला धावले. मिसरच्या टॉलेमीने 300 टॅलेंट चांदी, दहा लाख मापे धान्य, जहाजांचे लाकूड आणि 100 बांधकाम करणारे देऊ केले. सिराक्यूझच्या हायरोनने पैसे पाठविले, शिवाय ऱ्होड्सच्या गलबतांना आपल्या बंदरांत जकात माफ केली. मॅसिडोनियाच्या राणीने धान्य आणि शिसे पाठविले. पॉलिबियस सांगतो, की ऱ्होड्सचे वकील दारोदार रडत फिरले नाहीत; त्यांनी अशा प्रतिष्ठेने आपली स्थिती मांडली, की देणाराच उपकृत झाला. टॉलेमीने पुतळा पुन्हा उभारण्यासाठीही देणगी देऊ केली होती. परंतु एका देववाणीचा कौल मानून लोकांनी तो उभारला नाही. त्यांनी बंदर बांधले, तट बांधला, आणि पुतळा पडू दिला तसा ठेवला.

राजांच्या औदार्यात स्वार्थ नव्हता काय? होताच, आणि तो समजून घेतला पाहिजे. ऱ्होड्स ही त्या काळच्या व्यापाराची पेढी होती. मिसरचे धान्य येथून पुढे जाई. ऱ्होड्सच्या दारूचे मातीचे रांजण, कानांवर शिक्के मारलेले, भूमध्य समुद्राच्या काठी जागोजाग निघाले आहेत. एकट्या अलेक्झांड्रियात त्यांचे कान हजारोंनी सापडले. आणखी एक काम ही नगरी करीत असे, ते म्हणजे चाच्यांचा बंदोबस्त. तिचे हलके, वेगवान आरमार समुद्र साफ ठेवी आणि सर्वांची गलबते निर्धास्त फिरत. इ. स. पू. 220 मध्ये बायझँटियमने काळ्या समुद्राच्या सामुद्रधुनीत पट्टी बसविली, तेव्हा सर्व व्यापारी गाऱ्हाणे घेऊन आले ते ऱ्होड्सकडे. आणि ऱ्होड्सने युद्ध करून ती पट्टी उठवावयास लावली. आरमाराच्या गोद्या मात्र कडेकोट असत. तेथे चोरून शिरणाऱ्यास देहदंड होता असे स्ट्रेबो सांगतो. तोच स्ट्रेबो हेही सांगतो, की या नगरीत श्रीमंतांनी गरिबांना पोसण्याची वडिलार्जित चाल होती; गरिबाला पोटाला मिळे आणि नगरीला वल्ही मारणारे हात मिळत.

आता आपण मुख्य विषयाकडे वळू. जुन्या व्यापारी बंदराच्या काठाशी उभे राहून एक प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. एक गलबत माल भरून निघाले आहे. माल एकाचा नाही, तिघांचा आहे. वाटेत वादळ उठते, नाव पाणी घेऊ लागते. ती हलकी केल्यावाचून वाचणार नाही असे नाखव्याला दिसते. कोणाचा माल टाकावयाचा? जो हाताशी असेल तो. आता बंदरात पोचल्यावर ज्याचा माल गेला तो रिकाम्या हाताने उतरणार, आणि ज्यांचा वाचला ते त्याच्यासमोर नफा मोजणार. हा न्याय झाला काय? तसे असेल तर पुढल्या खेपेस प्रत्येक व्यापारी आपल्या गोणीवर बसून राहील, दुसऱ्याची टाका म्हणून भांडेल, आणि भांडता भांडता नाव सर्वांसह तळाला जाईल.

ऱ्होड्सच्या नियमाने हा पेच सोडविला. हिशोबासाठी एक उदाहरण घेऊ. नावेची किंमत 50 लाख रुपये धरा. पहिल्या व्यापाऱ्याचा माल 10 लाखांचा, दुसऱ्याचा 20 लाखांचा, तिसऱ्याचा 20 लाखांचा. एकूण 100 लाख. पहिल्याचा सगळा माल समुद्रात टाकला आणि बाकीचे वाचले. नुकसान एकूण किमतीच्या दहाव्या हिश्शाइतके झाले, म्हणून प्रत्येकाने आपल्या किमतीचा दहावा हिस्सा सोसावा. नावेच्या मालकाने 5 लाख द्यावे, दुसऱ्याने 2, तिसऱ्याने 2. पहिल्याला 9 लाख मिळतील, आणि उरलेला 1 लाख तो स्वतः सोसेल. सारे मर्म या शेवटल्या लाखात आहे. ज्याचे गेले त्यालाही पूर्ण भरून मिळत नाही, कारण तोही त्याच नावेत होता. कोणावर दया नाही, कोणाला शिक्षा नाही; सर्वांचा जीव ज्या त्यागाने वाचला, त्या त्यागाचा वाटा सर्वांवर सारखा.

ऱ्होड्सच्या मूळ कायद्याचा लेख आज उरलेला नाही. आपणांस तो माहीत आहे तो रोमन विधिज्ञांच्या द्वारे. सम्राट जस्टिनियनने इ. स. 533 मध्ये 'डायजेस्ट' नावाचा जो कायद्याचा महासंग्रह प्रसिद्ध केला, त्यात समुद्रात टाकलेल्या मालाविषयीच्या ऱ्होड्सच्या कायद्याचे स्वतंत्र प्रकरणच आहे. त्यात एक प्रसंगही दिला आहे. जहाज फुटून लुटल्या गेलेल्या एका माणसाने सम्राट अँटोनिनसकडे फिर्याद केली. तेव्हा सम्राटाने समुद्रावरील तंट्याचा निकाल, रोमचा कायदा आड येत नसेल तेथवर, ऱ्होड्सच्या सागरी कायद्याने करावा असे उत्तर दिले. जगज्जेत्या रोमने एका बेटाच्या रीतीपुढे मान लवविली, असाच याचा अर्थ होतो. त्याच प्रकरणात आणखी एक वाक्य आहे, ते पुढे आपल्याला लागणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो. नावेवरील सर्व वस्तूंची किंमत हिशोबात धरावी. परंतु स्वतंत्र माणसांच्या देहाची किंमत करता येत नाही, असे ते विधिज्ञ म्हणतात.

रोमने ऱ्होड्सचा कायदा घेतला, परंतु त्याआधीच ऱ्होड्सचे बंदर बुडविले होते. रोम व मॅसिडोनिया यांच्या युद्धात ऱ्होड्सने मध्यस्थीचा प्रयत्न केला, तो रोमला रुचला नाही. युद्ध जिंकल्यावर रोमने सैन्य पाठविले नाही; फक्त इ. स. पू. 166 च्या सुमारास डेलोस हे लहानसे बेट जकातमुक्त बंदर म्हणून जाहीर केले. व्यापारी तिकडे वळले. पूर्वी आपल्याला बंदराचे उत्पन्न दहा लाख द्राख्मे होते ते दीड लाखावर आले, अशी तक्रार ऱ्होड्सच्या वकिलाने रोमच्या सिनेटपुढे केल्याचे पॉलिबियस नमूद करतो. डेमेट्रियसच्या नऊ मजली मनोऱ्याने जे साधले नाही, ते एका ठरावाने साधले. परिणाम रोमलाही भोगावा लागला. उत्पन्न आटले तसे ऱ्होड्सचे आरमार आटले, आणि समुद्र चाच्यांचा झाला. वक्तृत्व शिकण्यासाठी ऱ्होड्सला निघालेला तरुण ज्युलियस सीझर वाटेत चाच्यांच्याच हाती सापडला, हा काव्यगत न्याय म्हणावा. दुसऱ्याची नाव बुडवून आपली सुखरूप राहत नाही, हे इतके स्पष्ट क्वचितच दिसते.

आता मांड्राकी सोडून तटाच्या आत जाऊ. जो तट आज दिसतो तो प्राचीन ग्रीकांचा नव्हे; तो सेंट जॉनच्या सरदारांचा आहे. जेरुसलेमला यात्रेकरूंची शुश्रूषा करणारा हा पंथ पुढे लढवय्या झाला, आणि पॅलेस्टाइनमधून हुसकला गेल्यावर 1306 पासून मोहीम करून त्याने थोड्याच वर्षांत ऱ्होड्स जिंकून घेतले. दोनशेहून अधिक वर्षे तो येथे राहिला. सरदारांचा रस्ता अजून तसाच आहे, सरळ, दगडगोट्यांचा. दोन्ही बाजूंना फ्रान्स, इटली, स्पेन इत्यादी निरनिराळ्या 'जिभांच्या', म्हणजे भाषाभाषांच्या सरदारांची घरे. रस्त्याच्या पायथ्याशी त्यांचे मोठे रुग्णालय आहे. 1440 मध्ये आरंभ होऊन 1489 मध्ये ते पुरे झाले. आज तेथे पुराणवस्तुसंग्रहालय आहे. तलवार चालविणाऱ्या पंथाची एक सुरेख इमारत इस्पितळाची असावी, हे त्यांच्या खात्यावर जमा धरले पाहिजे.

1480 मध्ये ऑटोमन तुर्कांनी घातलेला वेढा सरदारांनी परतविला. 1522 मध्ये सुलतान सुलेमान स्वतः आला. सहा महिन्यांच्या झुंजीनंतर सरदारांना मानाने जाऊ देण्याच्या अटीवर शहर स्वाधीन झाले, आणि 1 जानेवारी 1523 रोजी ते याच बंदरातून गलबतांत बसून निघून गेले. पुढे तटाच्या आत तुर्क आणि यहुदी राहिले. ग्रीक रहिवाशांना तटाबाहेर वस्ती करावी लागली. रस्त्याच्या माथ्यावरील महाधिपतीचा वाडा 1856 मध्ये शेजारच्या चर्चमधील दारूगोळ्यावर वीज पडून उद्ध्वस्त झाला. आज जो वाडा प्रवासी डोळे विस्फारून पाहतात, तो इटालियनांनी 1937 ते 1940 या काळात पुन्हा उभारलेला आहे. 1912 मध्ये त्यांनी बेट घेतले होते, आणि जुन्या वैभवाचा वारसा आपल्याकडे आहे असे दाखविण्याची मुसोलिनीला हौस होती. वाडा पुरा झाला तो दुसरे महायुद्ध पेटल्यावर. आणि त्या युद्धानेच इटलीचे राज्य संपविले.

बंदराकडे परत यावे आणि समुद्रद्वारापाशी थांबावे. 1478 मध्ये बांधलेल्या या दरवाजाला दोन भक्कम वाटोळे बुरूज आहेत. त्यातून आत शिरले, की हिपॉक्रॅटिसचा चौक लागतो. नेहमी गजबजलेला, दुकानांनी भरलेला. बहुतेक प्रवासी येथून परत फिरतात. आपण पूर्वेकडील रस्त्याने थोडे पुढे जाऊ. समुद्री घोड्यांचे कारंजे असलेला एक लहानसा चौक लागेल. त्याचे नाव यहुदी हुतात्म्यांचा चौक. जवळच्या गल्लीत 1577 मध्ये बांधलेले काहाल शालोम हे सभागृह आहे; ग्रीसमधील आज उभ्या असलेल्या यहुदी प्रार्थनामंदिरांत ते सर्वांत जुने.

1492 मध्ये स्पेनने यहुद्यांना घालवून दिले, तेव्हा ऑटोमन राज्यात आश्रय मिळालेल्यांपैकी कित्येक पुढे येथे आले. चारशे वर्षांनंतरही त्यांच्या घरांत जुनी स्पॅनिश बोली चाले. ते या बंदराचे व्यापारी होते, कारागीर होते, हमाल होते. 1938 मध्ये इटलीने वंशभेदाचे कायदे केले, तेव्हा पुष्कळजण परदेशी गेले. सप्टेंबर 1943 मध्ये बेट जर्मनांच्या हाती पडले. 23 जुलै 1944 रोजी सुमारे 1,700 माणसांना, त्यांत म्हातारी आणि तान्ही मुलेही होती, बंदरावर चालवीत नेऊन मालवाहू होड्यांत भरण्यात आले. होड्यांतून पिरेउस, तेथून आगगाडीने पोलंडमधील आउशविट्झ. 16 ऑगस्टला ते तेथे पोचले, आणि बहुतेकांना लगेच ठार करण्यात आले. ऱ्होड्सच्या लोकांपैकी 151 जण वाचले. चौकात काळ्या दगडाचा एक स्मृतिस्तंभ आहे.

त्या वेळी तुर्कस्तानचा वकील म्हणून सेलाहत्तिन उल्क्युमेन हा तरुण अधिकारी ऱ्होड्सला होता. तुर्की नागरिक असलेल्या यहुद्यांना सोडा, अशी मागणी त्याने जर्मन सेनापतीकडे केली. इतकेच नव्हे तर अशा नागरिकांचे पती वा पत्नी हेही तुर्की कायद्याने नागरिकच ठरतात असे त्याने ठासून सांगितले. तसा कायदा प्रत्यक्षात नव्हता. परंतु त्या नसलेल्या कायद्याच्या बळावर 40 ते 50 माणसे होडीत चढण्यावाचून वाचली. यहुदी नसतानाही जिवावर उदार होऊन यहुद्यांना वाचविणाऱ्यांचा इस्रायल जो गौरव करते, तो त्याला पुढे मिळाला.

येथे ते जुने वाक्य आठवावे. स्वतंत्र माणसाच्या देहाची किंमत करता येत नाही, म्हणून तो हिशोबात धरू नये, असे विधिज्ञ म्हणाले. त्यांचा हेतू माणसाला मालाच्या वर ठेवण्याचा होता. परंतु ज्याची नोंद कोणत्याच वहीत नाही, त्याला मोलाचा मानायचे की मातीमोल, हे वही लिहिणाऱ्याच्या मनावर राहते. ऱ्होड्सच्या कायद्याने गोणी टाकली तर तिचा जाब विचारला. 1944 च्या राज्यकर्त्यांनी अख्खी वस्ती उचलून नेली, आणि जाब विचारणारा एकटा परराष्ट्राचा वकील निघाला. ऱ्होड्सचा नियम नावेवर चढलेल्यांपुरता आहे. नावेवर कोण, हे तो नियम ठरवीत नाही. प्राचीन नगरीने वेढ्याच्या वेळी लढणाऱ्या गुलामाला नागरिक करून नावेवर घेतले होते. विसाव्या शतकातील राज्यकर्त्यांनी चारशे वर्षांच्या रहिवाशांना परके ठरवून उतरविले. पुढारलेपणाचा क्रम काळाच्या क्रमाने चालतो असे मानणाऱ्यांनी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या.

कोणी म्हणेल, मग त्या कायद्याचे एवढे कौतुक कशाला? आम्ही म्हणतो, कौतुक केलेच पाहिजे. कारण तो चालतो. नुकसानवाटपाच्या ज्या रीती युरोपच्या बंदरांत रूढ झाल्या, त्या 1864 मध्ये यॉर्क येथे व 1877 मध्ये अँटवर्प येथे एकसारख्या करण्यात आल्या, आणि त्या नियमांची अलीकडली आवृत्ती 2016 ची आहे. व्यवहारात याला 'जनरल अ‍ॅव्हरेज' म्हणतात. आपण सरासरी या अर्थाने जो 'अ‍ॅव्हरेज' शब्द वापरतो, तो इंग्रजीत आला तोच मुळी समुद्रावरील नुकसानीच्या या वाटपातून. आपल्या देशाच्या 1963 च्या सागरी विमा कायद्यातही या नुकसानीची तरतूद आहे. मार्च 2021 मध्ये सुएझच्या कालव्यात 'एव्हर गिव्हन' हे अजस्र जहाज सहा दिवस अडकून पडले, ते आपल्या स्मरणात असेल. त्यावरचे सर्व 25 खलाशी भारतीय होते. ते सुटल्यावर मालकांनी 'जनरल अ‍ॅव्हरेज' जाहीर केले, आणि जहाजावरील सुमारे 18,000 पेट्यांच्या मालकांना, त्यांचा माल शाबूत असतानाही, सोडवणुकीच्या खर्चात वाटा उचलण्याची पाळी आली. वादळात सापडलेल्या लाकडी गलबताचा नियम पोलादी डोंगराला जसाच्या तसा लागू पडला.

पुतळा टिकला नाही, कारण तो एका जागी उभा होता. जमीन हलली की त्याने पडावे हे ओघानेच आले. तट टिकले, परंतु त्यांनी कोणाला कायमचे राखले नाही. ते ज्याच्या हाती जात त्याचे होत. नियमाला मात्र उभे राहण्यास जागा लागत नाही, माणसे लागतात. जेथे चार माणसे एका नावेत बसतात आणि एकाचे जाणे हे चौघांचे जाणे मानतात, तेथे तो जिवंत असतो. जेथे ती तसे मानीत नाहीत, तेथे तो कागदावर असूनही नसतो. ऱ्होड्सच्या बंदरात दोन्ही गोष्टी घडल्या, आणि दोहोंमध्ये चालून गेल्यास पाऊण तासाचेही अंतर नाही. म्हणून आपल्यापैकी कोणी तेथे गेले, तर मांड्राकीवरून पुतळ्याची जागा अवश्य शोधावी. परंतु कारंज्याच्या चौकापर्यंत गेल्यावाचून परत फिरू नये, एवढीच आमची विनंती आहे.